इंजिन बे क्लीनिंग, मिसिसागा (कॅनडा): मीठ काढायचं तर असं काढा

इथे हिवाळाभर बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ आणि ब्राइन (मिठाचं पाणी) मारतात, ते खालून उडून बोनेटच्या आत, म्हणजे इंजिन बेमध्ये, सगळीकडे बसतं, म्हणून एप्रिलमध्ये टेंपरेचर शून्याच्या वर स्थिरावलं की गाडी घराजवळच्या छोट्या डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची बारकाईने साफसफाई करणाऱ्याकडे) नेतो. काम बघण्यासारखं आहे. लगेच पाणी नाही मारलं, आधी इंजिन थंड होऊ दिलं, अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, एअर इनटेक प्लास्टिकने नीट गुंडाळले, मग मऊ ब्रशने सुकी वाळू झाडली, काचेखालच्या जाळीतून तर ओंजळभर निघाली! मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे कमी प्रेशरचं कोमट पाणी पुरतं, डीग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं केमिकल) फक्त तेलकट जागी आणि तोही पातळ करून, हे त्याने स्वतःहून समजावलं, महागडं केमिकल गळ्यात मारलं नाही, हे मला फार आवडलं. बॅटरी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने काढून वर ग्रीस लावलं, शेवटी ब्लोअरने सगळे कनेक्टर सुकवले. रेट थोडा जास्त आहे पण ब्रॅकेट आणि बोल्ट गंजले की मेकॅनिकचं बिल बघा. फक्त शनिवारी जाऊ नका, लाइन खूप असते, आणि गाडीखालचं धुणं वेगळं सांगावं लागतं ते नक्की सांगा.