मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप, सहा महिने वापरून (५ पैकी २.५ स्टार)

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, या प्रकारातली बरीचशी अ‍ॅप्स थोड्याफार फरकाने सारखीच निघतात. धाकट्या भावासाठी घेतलं होतं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, औषधांनी आवाज ऐकू येणं थांबलं, संशय गेला, सगळे म्हणाले चला सुटलो एकदाचे. पण "ताई, डोक्यात काही टिकतच नाही गं" असं तो म्हणायचा ते कुणी मनावर घेतलं नाही, मीपण नाही. मग एकदा त्याला ओटीपी टाकताना बघितलं. मेसेज उघडणार, सहा आकडे वाचणार, परत येऊन तीन टाकणार आणि पुढचे गायब. पुन्हा मेसेज, पुन्हा तीन, तेवढ्यात वेळ संपली. हा पोरगा लहानपणी अख्ख्या घराचे फोन नंबर तोंडपाठ सांगायचा.

तर अ‍ॅप. गेम छान आहेत, जमायला लागलं की आपोआप अवघड होतात आणि चुका वाढल्या की सोपे, त्यामुळे तो वैतागत नाही. जोड्या लावायच्या गेममध्ये चारवरून दहा जोड्यांपर्यंत गेला, ग्राफ नुसता वर वर. मी हौसेने स्क्रीनशॉट काढून डॉक्टरांना दाखवला, त्यांनी शांतपणे विचारलं, आणि ओटीपी? ओटीपी होता तिथेच.

मग मी वाचायला बसले. अ‍ॅक्टिव्ह नावाची अमेरिकेतली मोठी ट्रायल आहे, ६५ आणि त्यापुढच्या वयाचे २,८३२ लोक, कुणाला स्मरणशक्तीचा सराव दिला, कुणाला तर्काचा, कुणाला वेगाचा. २००२ मध्ये निकाल आले तेव्हा ज्याने ज्याचा सराव केला त्यात तो सुधारला, दुसऱ्यात नाही, आणि रोजच्या कामात दोन वर्षांत तरी फरक दिसला नव्हता. ती म्हातारी माणसं होती, स्किझोफ्रेनियाचे पेशंट नव्हेत, पण आमच्या ग्राफचं कोडं मला तिथेच सुटलं. गेममध्ये हुशार झालेला माणूस गेममध्येच हुशार होतो! जाहिराती मात्र असं बोलत नाहीत, ल्युमॉसिटी या मेंदूच्या गेमवाल्या कंपनीने फसव्या दाव्यांवरून २०१६ मध्ये एफटीसी या अमेरिकेच्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी २० लाख डॉलर देऊन मिटवलं होतं.

गोळी असती तर प्रश्नच नव्हता. स्किझोफ्रेनियातल्या या विसराळूपणासाठी आयक्लेपर्टिन नावाच्या औषधाकडून बऱ्याच आशा होत्या, जानेवारी २०२५ मध्ये कळलं की चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. उलट आमच्याकडे एक गोळी कमी केल्याने फायदा झाला. हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल चालू होतं, त्याने स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते म्हणे, डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं. (स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, कृपा करून.)

त्यांनीच मग थेरपिस्टकडे पाठवलं, कॉग्निटिव्ह रेमेडिएशनसाठी, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती वगैरे सुधारायच्या सरावासाठी. तिथेही कॉम्प्युटरवर असलेच गेम, मी मनात म्हटलं झालं, परत तेच. पण ती बाई प्रत्येक गेमनंतर त्याला थांबवून विचारायची, आत्ता कसं लक्षात ठेवलंस? आणि घरी हे कुठे वापरशील? तिने त्याला आकडे तीन-तीनचे गट करून पुटपुटायला शिकवलं. २०२१ मध्ये स्किझोफ्रेनियातल्या १३० अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यातही हेच दिसतं, परिणाम फार मोठा नाही पण आहे, आणि शिकवणारं माणूस समोर असेल, युक्त्या शिकवल्या असतील तर जास्त.

अ‍ॅपमध्ये नेमकं हेच नाहीये, म्हणून अडीच. त्यातला अर्धा स्टार खरं तर नोटिफिकेशनसाठी कापायला हवा होता. एक दिवस खेळलं नाही की "तुमची साखळी तुटली!" आणि वर रडका चेहरा. आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या मुलाला ते बघून रात्रभर झोप लागली नाही, सेटिंगमध्ये जाऊन बंद करेपर्यंत मी कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या.

सोबत कुणी बसणार असेल तर सरावाला घ्या, नुसतं हातात देऊन मोकळे व्हायला घेऊ नका. आणि हो, ऑटो-रिन्यू आधीच बंद करा, ते बटण तीन पानं आत लपवलंय. आम्ही परवा केलं, त्यालाही ओटीपी लागतो. त्याने मेसेज बघितला, काहीतरी पुटपुटला आणि टाकला, मी फोन घ्यायला हात पुढे केलेला तसाच राहिला.