47,500 रुपयांत ‘वीस घोडे’: कोल्हापुरातल्या पेट्रोल गाडीवाल्यांनो, आधी हे वाचा

गाडीची ताकद वीस घोड्यांनी, म्हणजे वीस बीएचपीने (हॉर्सपॉवर), वाढवून देतो म्हणणाऱ्या एका गॅरेजवाल्याला मी पैसे दिले. आकडे आधी. रीमॅपचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली सेटिंग बदलण्याचे) 22,000, कोल्ड एअर इनटेकचे (गार हवा ओढणाऱ्या नळी-फिल्टरचे) 8,500, एक्झॉस्टचे 14,000, चार इरिडियम स्पार्क प्लगचे 3,000. एकूण 47,500 रुपये. त्यातले 15,000 आगाऊ यूपीआयने, तेही गॅरेजच्या नाही तर कुणा ‘भाच्याच्या’ खात्यावर. उरलेले 32,500 रोख. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर सही नाही. गाडी 2021 ची स्विफ्ट, 1197 सीसी, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. कंपनीचा आकडा 88.5 बीएचपी आणि 113 एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर). कबूल केलेले 108. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘भावा, विषयच हार्ड करून देतो!’’

नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनातून एवढ्या पैशांत वीस घोडे निघत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. टर्बो गाडीला रीमॅपमध्ये बूस्ट (आत भरल्या जाणाऱ्या हवेचा दाब) वाढवता येतो, म्हणून तिथे 20-30 टक्के मिळतात. इथे बाहेरच्या दाबाने जेवढी हवा आत जाईल तेवढीच. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच 12:1. साध्या पेट्रोलवर ठिणगीचं टायमिंग जरा पुढे नेलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि नॉक सेन्सर ते परत मागे ओढतो. प्रामाणिक ट्यूनर असेल तर चार-पाच घोडे आणि जरा तरतरीत थ्रॉटल, बस्स. मग पैसे दिले कशाला? कारण डायनो, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायचं यंत्र, खरा होता. रोलर समोर फिरतोय, पट्टे आवळलेत, स्क्रीनवर आलेख चढतोय. त्यापुढे भलेभले मान डोलावतात.

आणि फसवणूक तिथेच होती, डोळ्यांसमोर. काम करण्याआधीच्या रनमध्ये आकडा आला 88.5. बरोबर कंपनीच्या माहितीपत्रकातला! कंपनी इंजिनाच्या क्रँकवरची (मुख्य फिरत्या दांड्यावरची) ताकद सांगते, रोलर चाकांवरची मोजतो. गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर यांत साधारण 15 टक्के जातात. म्हणजे चाकांवर 75 च्या आसपास यायला हवेत. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. हवेचा दाब इथे सहा टक्के कमी, तेवढी ताकद अशा इंजिनातून आपोआप कमी होते. करेक्शन फॅक्टर (हवेच्या दाब-तापमानाची भरपाई करणारा गुणक) लावून ती कागदावर परत आणता येते, पण गिअरबॉक्समध्ये गेलेली ताकद करेक्शनने परत येत नाही. समोर 88.5 दिसल्या दिसल्या पट्टे सोडायला सांगून गाडी बाहेर काढायला हवी होती. आकडा ओळखीचा दिसला म्हणून उलट विश्वास बसला, हे आजही डोक्यात जातं.

कामानंतरचा आलेख तर सरळसरळ खोटा. सहा हजार आरपीएमला 108 बीएचपी, आणि त्याच आरपीएमला टॉर्क 107 एनएम. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7121 केलं की बीएचपी येतं, हे गणित मोबाइलवर होतं. 107 गुणिले 6000 भागिले 7121 म्हणजे 90. वरचे 18 घोडे फक्त प्रिंटरमध्ये होते. कोणताही आलेख हातात आला की हे गणित तिथल्या तिथे करा. दोन्ही रन एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून झालेत का, आणि करेक्शन फॅक्टर दोन्हीकडे सारखाच आहे का, तेही बघा. छापील कागद नको, रनची मूळ फाइल मागा.

रीमॅप झालाच नव्हता. ईसीयूमधल्या (इंजिनाच्या संगणकातल्या) सॉफ्टवेअरला सीव्हीएन नावाचा पडताळणी क्रमांक असतो, ओबीडी स्कॅनरवर (गाडीला जोडायच्या तपासणी यंत्रावर) ‘व्हेइकल इन्फो’मध्ये दिसतो. मॅप बदलला की तो बदलतो. इथे आधीचा आणि नंतरचा क्रमांक अक्षरन् अक्षर तोच. ‘‘तो तसाच ठेवायची आमची टेक्निक आहे,’’ हे त्यावरचं उत्तर. काही ट्यूनर क्रमांक लपवतात हे खरं, पण मग मूळ मॅपची कॉपी दाखव की! तीही नाही. कॉपी काढलीच नसेल तर दाखवणार काय.

इनटेकच्या उघड्या फिल्टरने गाडी उलट मंदावली. कंपनीची नळी समोरच्या जाळीमागची गार हवा ओढते, हा फिल्टर रेडिएटरमागची तापलेली. स्कॅनरवर इनटेकचं तापमान आधी 41 अंश, आता 62. हवा दहा अंशांनी तापली की घनता तीन टक्क्यांनी घटते, पुढचा हिशोब तुमचा तुम्ही करा. आवाज मात्र नाद खुळा, आणि आवाजालाच माणूस वेग समजतो.

सर्वांत महागात पडला एक्झॉस्ट. मागचा मफलर बदलतो म्हणाला आणि पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी धूर साफ करणारा डबा) कापून आतली जाळी काढून घेतली. डबा परत वेल्ड करून वर काळा रंग मारला. त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारात तिला चांगला भाव आहे. चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला धुरापासून लांब ठेवणारी नळकांडी) बसवला होता. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेबाहेर गेला तेव्हा डबा उघडला. कुणी एक्झॉस्टला हात लावणार असेल तर आधी खालून फोटो काढा. परत आल्यावर थंड डब्याला लाकडाने टिचकी मारा, आत रिकामं असेल तर पत्र्यासारखा घुमतो. नवा डबा 38,000 रुपये. म्हणजे घोड्यांऐवजी हा खड्डा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी विषय आहे’ म्हणून अर्जावर पोच द्यायलाही नकार. अहो, न केलेल्या कामाचे पैसे घेणं आणि गाडीतला भाग परस्पर काढून विकणं हे दिवाणी कसं? दुसऱ्या सरकारी टेबलावर तर उलटा दम. गाडीत फेरफार झालाय, मालक तुम्ही, मोटार वाहन कायद्याच्या 182 अ कलमाखाली प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड तुम्हालाच. कायद्यात ते आहे, नाही असं नाही. पण मूळ भाग चोरणाऱ्याला साधा फोनही कुणी केला नाही. तिसऱ्याने जीएसटी बिल मागितलं. बिल देत नाही हीच तर तक्रार! बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला ग्राहकाने समजावून सांगायचं. सर्व्हिस सेंटरने तेवढ्यात इंजिनाची वॉरंटी नाकारून टाकली.

खरंच गाडी पळवायची असेल तर आधी गेलेले घोडे शोधा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा, थ्रॉटल बॉडी साफ करा, प्लगचा गॅप मोजा, क्लच घसरतोय का बघा, चाक उचलून हाताने फिरवा आणि ब्रेक चिकटतोय का पाहा. कागदी फिल्टर नवा टाका. इरिडियम प्लगने ताकद वाढत नाही, तो टिकतो फक्त. डिकीतलं ओझं काढा. फरक मोजायला डायनो लागत नाही. सपाट रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 चा वेळ जीपीएस ॲपने दोन्ही दिशांना घ्या आणि सरासरी काढा. पन्हाळ्याच्या चढावर ‘जाणवतंय की’ म्हणणं ही चाचणी नव्हे. हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पोर्टिंग म्हणजे हवेच्या वाटा मोकळ्या करणं, कॅमशाफ्ट, हेडर यांनी ताकद वाढते, पण ते काम लाखाच्या घरात जातं. हेडचं मशिनिंग करायचंच तर उद्यमनगरात (कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत) मायक्रॉनमध्ये मोजून देणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे करा. 12:1 वर हेड घासून कॉम्प्रेशन आणखी वाढवायला कुणी सांगितलं तर तिथून उठा.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. यूपीआयची नोंद, चॅट, आधी-नंतरचे सीव्हीएन स्क्रीनशॉट, पीयूसीचा कागद आणि कापलेल्या डब्याचे फोटो जोडा. डबा बदलला तरी जुना भंगारात देऊ नका, वेल्डचा सांधा हाच पुरावा आहे.