पब वाचवायचाय? कौन्सिलकडे नेमकं काय मागायचं

इंग्लंडात तुमच्या घराजवळचा पब बंद होऊन तिथे फ्लॅट येणार अशी कुणकुण लागली, की शेजारी सह्या गोळा करू लागतात. सही जरूर करा, पण कशावर करताय ते वाचून. कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेकडे, जायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींतून हाती येतं ते वेगवेगळं.

पहिली वाट नोंदणीची. 2011 च्या लोकलिझम ॲक्टखाली पबला ‘समाजासाठी मोलाची मालमत्ता’ म्हणून कौन्सिलच्या यादीत घालता येतं. अर्ज पॅरिश कौन्सिल (गावपातळीवरची छोटी कौन्सिल) करू शकते. किमान 21 स्थानिक मतदारांचा साधा गटही चालतो. कौन्सिलने 8 आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो आणि नोंद 5 वर्षं टिकते. अर्जात तिथली बिअर किती छान ते लिहू नका. तिथे कोण जमतं ते लिहा: मंगळवारची क्विझ, तान्ही बाळं घेऊन येणाऱ्या आया, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचं दुपारचं जेवण. आपल्यातले बरेच जण ‘आम्ही पीत नाही’ म्हणून यातून अंग काढून घेतात. लाइम-सोडा घेऊन गप्पा मारत बसणाराही या अर्जात तितकाच मोलाचा आहे.

नोंद झाली की विकण्याआधी मालकाला कौन्सिलला कळवावं लागतं. 6 आठवड्यांत एखाद्या स्थानिक संस्थेने खरेदीची तयारी दाखवली, तर कळवल्यापासून एकूण 6 महिने विक्री थांबते. बहुतेकांचा गैरसमज होतो तो इथे. मालकाने तुम्हालाच विकावं अशी सक्ती नाही, आणि चालता धंदा म्हणून विकला तर थांबण्याची अटही लागू होत नाही. मिळतो तो फक्त वेळ.

तो वेळ सार्थकी कसा लावावा हे दक्षिण लंडनमध्ये ननहेडच्या ‘आयव्ही हाउस’ने दाखवलं. 2012 मध्ये पब बंद झाल्यावर रहिवाशांनी नोंद करून घेतली आणि 2013 मध्ये कर्ज, अनुदान व 371 भागधारकांचे पैसे जमवून तो विकत घेतला. आज हे जास्त अवघड आहे, कारण सरकारचा 15 कोटी पौंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड 2024 अखेर बंद झाला.

दुसरी वाट प्लॅनिंगची, म्हणजे बांधकामाच्या आणि इमारतीचा वापर बदलण्याच्या परवानगीची. मे 2017 पासून इंग्लंडात पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला प्लॅनिंगची परवानगी लागतेच. अर्ज आला की हरकतींसाठी साधारण 21 दिवस मिळतात. मालक बहुधा ‘धंदा परवडत नाही’ म्हणतो. मग पब वाजवी भाड्याने चालवायला किती काळ देऊ केला होता, याचा पुरावा मागा.

या वाटेचा दात किती तीक्ष्ण असू शकतो, हे लंडनमधल्याच किलबर्नच्या ‘कार्लटन टॅव्हर्न’ या पबने दाखवलं. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने फ्लॅटची परवानगी नाकारली होती, तरी एप्रिल 2015 मध्ये मालकाने पब पाडला. आधीच शंका आलेल्या रहिवाशांच्या आग्रहामुळे इमारतीचं बारकाईने दस्तऐवजीकरण झालेलं होतं. कौन्सिलने होता तसा पुन्हा बांधायचा आदेश दिला, तो टिकला, आणि 2021 मध्ये पबची दारं उघडली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण परवानगी नाकारली म्हणून पब आपोआप चालू होत नाही. मालक वर्षानुवर्षं कुलूप लावून बसू शकतो.

तुमच्यात पैसे उभे करणारी, हिशेब सांभाळणारी चार-पाच खमकी माणसं असतील, तर नोंदणी आणि खरेदीच्या मागे लागा. नसतील, तर प्लॅनिंगवर जोर लावा आणि नोंदणीचा अर्ज तरीही टाका: परवानगी ठरवताना कौन्सिल ती नोंद विचारात घेऊ शकते. मात्र हे पब चालू असतानाच करा. कुलूप लागून काही वर्षं गेली, की तिथे लोक जमत होते हे पटवणं कठीण होतं. अर्ज फेटाळला तर तुम्हाला अपीलही नाही. फेरविचार मागायचा हक्क फक्त मालकाला आहे. म्हणून पहिलाच अर्ज नीट भरा.