सोसायटी कमिटीचं प्रशिक्षण: एक उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

आमची इमारत दक्षिण नागपुरातल्या अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीतली. लिफ्ट नाही, चौकीदार नाही, आणि सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालचं एक लोखंडी कपाट. कमिटीचं काम बिनपगारी, ड्युटीवरून घरी आल्यावर करायचं. मी सचिव आहे. दिवाळीनंतर आम्ही काही जणांनी गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठीचं सहकार प्रशिक्षण घेतलं. आता सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा घ्यायची तयारी चालू आहे, म्हणून वर्गात ऐकलेल्यातलं काय कामी आलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, हे प्रशिक्षण म्हणजे हौस नाही. २०१३ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम २४-अ आलं आणि कमिटी सदस्यांनी प्रशिक्षण घेणं कायद्यात बसलं. तरी अजून कित्येक सोसायट्यांत हे कोणाला माहीतच नसतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इतिवृत्त, म्हणजे बैठकीची नोंद, लिहिण्याच्या तासाचा. शिकवणारे सर निवृत्त लेखापरीक्षक होते. कमिटीच्या निर्णयाला सगळे सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात, आणि विरोध असेल तर तो नावानिशी लिहून घेतला पाहिजे, एवढंच त्यांनी जुन्या प्रकरणांचे कागद दाखवून समजावलं. आमच्या जुन्या वहीत पानोपानी फक्त ‘सर्वानुमते मंजूर’ होतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आला तेव्हा समोर एकच कोटेशन होतं. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, “एकाच भावावर मी सही करणार नाही, लिहून घ्या.” लिहून घेतलं. सूचक, अनुमोदक, विरोध आणि विरोधाचं कारण. ते वाचून दाखवल्यावर अध्यक्षांनीच विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि आणखी कोटेशनं मागवली. भांडण झालं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. माझ्या लेखी पूर्ण फी तिथेच वसूल झाली.

मग आला मे महिना. नागपूरचा उन्हाळा आणि कूलर हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. वरच्या टाकीचं पाणी दुपारीच संपायचं आणि तळमजल्यावरून हाक यायची, “भाऊ, कूलर भरून राहिले सगळे, आम्हाले प्यायले पाणी नाही!” पाणीपट्टी सारखी वाटायची की वापरावर, हा वाद दरवर्षीचा. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, पाण्याचा खर्च प्रत्येक घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा आहे, हे प्रशिक्षणात कळलं होतं. आम्ही घरोघरी जाऊन नळजोड मोजले. ज्यांनी बाल्कनीत कूलरसाठी वेगळी लाइन ओढली होती त्यांचा हिस्सा वाढला. नाराजी झाली, पण नियम छापील होता आणि मोजणी सगळ्यांसमोर झाली होती, त्यामुळे पैसे आले. टाकी उघडायची वेळही नोटीस बोर्डावर लावली. पाणी काही वाढलं नाही, पण रोजची तक्रार बरीच कमी झाली.

आता जिथे हे प्रशिक्षण कमी पडतं ते. थकबाकीचा तास पूर्णपणे मोठ्या टॉवरवाल्यांच्या हिशेबाने घेतला गेला. नोटीस द्या, व्याज लावा, कलम १५४ ब-२९ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा सरकारी आदेश, काढा. कायदा म्हणून बरोबरच आहे. पण आमच्याकडे ज्याचं मेंटेनन्स थकतं तो ई-रिक्षा चालवतो किंवा त्याच्या घरी आजारपण असतं. असल्या घराला हप्ते कसे पाडून द्यायचे, तो ठराव कसा लिहायचा, यावर वर्गात एक शब्द नव्हता. सरांना चहाच्या वेळी गाठून विचारलं तेव्हा एक मोलाची गोष्ट कळली: २१ टक्के सरळव्याज ही वरची मर्यादा आहे, दर सर्वसाधारण सभा ठरवते. म्हणजे कमी ठेवता येतो. हे फळ्यावर लिहायला हवं होतं. आमच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेत कमी व्याजाचा आणि हप्त्यांचा ठराव आहे, आणि तो सगळ्यांना सारखा लागू राहील. अध्यक्षांच्या ओळखीवर कुणाला सूट नको, याबाबतीत मी ठाम आहे.

कमिटीतल्या महिलांच्या राखीव जागांबद्दलही थोडं. बैठकीला या जागांवरच्या दोघी ताईंऐवजी त्यांचे नवरे येऊन बसायचे. तसं चालत नाही, हे सरांनी स्वच्छ सांगितलं, आणि आम्ही परत येऊन ते पाळलं. बैठकीची वेळ रात्रीच्या स्वयंपाकाची होती, ती रविवारी सकाळी नेली. तेव्हापासून त्या दोघीही येतात, आणि पावत्यांची तपासणी त्याच करतात.

सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी), लेखापरीक्षण, आय आणि जे नमुन्यातल्या सदस्य नोंदवह्या, हे सगळं नीट शिकवलं. पुस्तिका मात्र इतक्या जड सरकारी मराठीत आहे की आमच्या उपाध्यक्षांनी, जे आयुष्यभर प्रेसमध्ये कंपोझिंग करत आले, त्यांनीही ती बाजूला ठेवली. नमुना ठराव, नमुना नोटीस, भरलेली एखादी वही दिली असती तर जास्त कामी आली असती.

जायचं असेल तर एकट्या सचिवाला पाठवू नका. कोषाध्यक्ष आणि निदान एक महिला सदस्य बरोबर हवीच. खर्च प्रशिक्षण निधीतून करा आणि त्याचा ठराव आधी घ्या. जाताना आपले उपविधी आणि मागचा ऑडिट रिपोर्ट पिशवीत ठेवा. आम्ही रिपोर्टमधले दोष एकेक करून सरांसमोर ठेवले, आणि दोष-दुरुस्ती अहवाल तिथेच बसून लिहून आणला.