ड्रॅक्युला : चित्रपट कोणता, आणि त्याची प्रत कोणती?

गेले काही महिने ड्रॅक्युलावरचे चित्रपट आलटूनपालटून पाहतोय, जमेल तिथे एकाच चित्रपटाच्या दोन-दोन प्रती शेजारी लावून. माझं मत आता पक्कं झालंय : कोणता चित्रपट निवडता याच्याइतकंच त्याची कोणती प्रत हाती लागते, याला महत्त्व आहे.

याचा सर्वांत मोठा फटका १९२२च्या ‘नोस्फेराटू’ला बसतो. दिग्दर्शक मुर्नाऊचा हा मूकपट ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता काढला होता, म्हणून त्यात ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५मध्ये प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. तरीही काही प्रती वाचल्या. फुकटात मिळतात त्या बहुतेक अशाच प्रतींच्या नकलांच्या नकला. त्यात दोन गोष्टी हमखास बिघडलेल्या असतात.

पहिली, रंग. त्या काळी रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित करून फिल्म निळ्या रंगात बुडवत. नुसत्या कृष्णधवल प्रतीत ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखेत मारून लख्ख उन्हात गावातून चालत जातो. पुढे तोच सूर्यकिरणांनी मरतो, म्हणजे कथेचा पायाच उखडला! सूर्यप्रकाशाने पिशाच्च मरतं ही कल्पना मुळात याच चित्रपटाची. कादंबरीतला काउंट दिवसाही लंडनमध्ये फिरतो. निळी छटा असली की सगळं जागेवर बसतं.

दुसरी, वेग. सेकंदाला साधारण १८ चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट २४ने पळवला की माणसं तुरुतुरु चालतात. ऑर्लोकची बग्गी जंगलातून झटके देत येते, तो वेग मुर्नाऊने मुद्दाम दिलाय. सगळाच चित्रपट पळत असेल तर तो परिणाम उरत नाही. तिथली पांढरी झाडं म्हणजेही प्रतीतला दोष नव्हे, तो तुकडा निगेटिव्हमध्येच दाखवलाय. तेव्हा मुर्नाऊ प्रतिष्ठानची रंगछटांसह दुरुस्त केलेली, हान्स एर्डमानच्या संगीताची साधारण ९४ मिनिटांची प्रत शोधा. ६०-६५ मिनिटांची दिसली तर सोडून द्या.

१९३१चा बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ नाटकावरून आलेला आहे, आणि पहिली वीसेक मिनिटं सोडली तर ते लपत नाही. लोक दिवाणखान्यात उभे राहून बोलत राहतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. काही डिस्कवर फिलिप ग्लासचं १९९०च्या दशकातलं संगीत निवडता येतं. पहिल्यांदा पाहताना ते बंद ठेवा, कारण लुगोसीची वाक्यं त्या शांततेतच चढतात. त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेली स्पॅनिश आवृत्ती १०४ मिनिटांची, इंग्रजी ७५ची. स्पॅनिशमध्ये कॅमेरा कितीतरी मोकळा फिरतो; काउंट जिन्यावर पाहुण्याला प्रथम भेटतो तो प्रसंग दोन्हींत लागोपाठ पाहा. पण त्यातला काउंट, कार्लोस विलारियास, याला लुगोसीची जरब नाही. त्यामुळे मी इंग्रजीकडेच परततो.

माझा सर्वांत आवडता १९५८चा, हॅमर या ब्रिटिश कंपनीचा. टेरेन्स फिशरने जहाज, लंडन, वटवाघूळ सगळं छाटून ८२ मिनिटांत गोष्ट संपवली. क्रिस्टोफर लीचा ड्रॅक्युला सुरुवातीला किल्ल्यावर आलेल्या हार्करशी बोलतो तेवढंच, पुढे एक शब्दही नाही. शेवटी पीटर कुशिंग (पिशाच्चाचा शत्रू व्हॅन हेल्सिंग) टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढून खाली पाडतो आणि दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून लीला उन्हात रेटतो. या प्रसंगातल्या सेन्सॉरने कापलेल्या काही चौकटी जपानमधल्या रिळांत सापडल्या आणि २०१२च्या दुरुस्त प्रतीत परत आल्या. त्यात ली स्वतःच्या चेहऱ्याचं कातडं ओरबाडतो. मात्र त्या प्रतीचा रंग निळसर झुकतो. बाजारात या चौकटी नसलेल्या प्रतीही आहेत, म्हणून घेण्याआधी वेष्टनावरचा मजकूर वाचा.

हर्झोगचा १९७९चा ‘नोस्फेराटू’ जर्मनमध्येच पाहा; इंग्रजीतही वेगळा चित्रित झाला, पण त्यात नटांची जीभ अडखळते. त्याच वर्षीचा फ्रँक लँजेलाचा ‘ड्रॅक्युला’ दिग्दर्शकाने पुढे जवळजवळ रंगहीन करून टाकला. मला चित्रपटगृहातले मूळ रंगच बरे वाटतात.

कोपोलाचा १९९२चा पाहण्याआधी टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ (मधल्या चौकटी स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. त्यातल्या जवळजवळ सगळ्या युक्त्या कॅमेऱ्यातच केलेल्या आहेत : एकाच फिल्मवर दोनदा केलेलं चित्रण, उलटी फिरवलेली फिल्म, काउंटपासून सुटी हलणारी सावली. लंडनच्या रस्त्यावरचा लुकलुकता तुकडा जुन्या, हाताने फिरवायच्या पाथे कॅमेऱ्यावर घेतलाय. स्मूदिंग चालू असेल तर ती लुकलुक गुळगुळीत होऊन जाते. नावात स्टोकर असला तरी नायिका मीना आणि काउंटची प्रेमकथा कादंबरीत नाही. कादंबरीच्या जवळचं हवं असेल तर बीबीसीचा १९७७चा ‘काउंट ड्रॅक्युला’ घ्या, लुई जुर्दानचा. आतली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची फिल्मवर असल्याने चित्राचा पोत मध्येच बदलतो. दहा मिनिटांत डोळे सरावतात.

एगर्सचा २०२४चा ‘नोस्फेराटू’ खोलीत दिवा चालू ठेवून पाहण्यात अर्थ नाही. चांदण्यातली दृश्यं जवळपास रंगहीन आहेत, आणि कमी वेगाच्या स्ट्रीमिंगवर काळ्या भागात नुसते चौकोन दिसतात. डिस्क मिळाली तर डिस्कच घ्या.