आमचाच कन्व्हर्टर आम्हालाच नवा म्हणून विकला

परवा सिन्नरच्या मुसळगाव एमआयडीसीतून एका ओळखीच्या मेंटेनन्सवाल्याचा फोन आला. पॅनलमधला कन्व्हर्टर बदलायला एक जण आलाय, जुना ‘बायबॅक’मध्ये घेऊन जातो म्हणतोय, देऊ का? वर्णन ऐकलं आणि पोटात गोळा आला. तोच माणूस, तीच काळी बॅग, बोलणंही तेच. म्हणून आमच्या बाबतीत काय झालं ते सगळं लिहून काढतोय.

मी नाशिकच्या अंबडला गरवारे पॉइंटजवळच्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. पत्र्यावर रंगाची पावडर फवारायची आणि ओव्हनमध्ये शिजवायची, हे आमचं काम. आमचा ओव्हन तीन झोनचा आहे. प्रत्येक झोनला तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल, तिथून वायर पॅनलमधल्या सिग्नल कन्व्हर्टरला, आणि कन्व्हर्टर ० ते ४०० अंशांचे ४ ते २० मिलीअ‍ॅम्पिअर करून पीएलसीला, म्हणजे ओव्हन चालवणाऱ्या कंट्रोलरला, देतो. म्हणजे ओव्हन २०० अंशांवर असेल तर पीएलसीला १२ मिलीअ‍ॅम्पिअर दिसायला हवेत. थर्मोकपल त्या तापमानाला जेमतेम ८ मिलीव्होल्ट देतं. एवढ्याशा सिग्नलवर सगळा रंग अवलंबून.

गेल्या जुलैत, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं त्या आठवड्यात, झोन दोनचं तापमान अचानक ४०० च्या वर दिसायला लागलं. बर्नर बंद, लाइन बंद. कन्व्हेयरवर जॉब लटकलेले आणि शेठ डोक्यावर उभे. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, तासाभरात तो आला. पॅनल उघडलं, मीटर इकडेतिकडे लावला आणि म्हणाला, “भाऊ, कन्व्हर्टर उडालाय. पावसात असं होतंच. माझ्याकडे नवा आहे, ओरिजिनल.” जुन्यावरच्याच कंपनीचा स्टिकर, नवा खोका. ६,८०० रुपये आणि व्हिजिटचे १,५०० वेगळे. त्याने जुना काढला, वायरींची टोकं कापून नव्याने सोलली, नवा बसवला. आकडा जागेवर आला. “जुना घेऊन जातो, बायबॅकचे दोनशे कमी करा.” आम्ही खुशीने दिला. पक्कं बिल महिनाअखेर पाठवतो म्हणाला. पैसे यूपीआयने गेले, तेही भलत्याच कुणाच्या नावाच्या खात्यावर.

इथेच पहिली चूक झाली आणि ती माझी आहे. थर्मोकपलची वायर तुटली किंवा सुटली की बहुतेक कन्व्हर्टर मुद्दाम आकडा वर फेकतात, म्हणजे बर्नर बंद होतो आणि ओव्हन पेटत सुटत नाही. ४०० च्या वरचा आकडा दिसला की आधी वायर बघायची. हे मला माहीत होतं. पण लाइन बंद असताना माझ्याही डोक्यात एकच होतं, बदला आणि सुरू करा.

सप्टेंबरमध्ये त्याचा स्वतःहून फोन आला. दसरा-दिवाळीचं काम वाढेल, एक स्पेअर ठेवा. शेठनी ७,२०० ला तोही घेतला.

ऑक्टोबरात गिऱ्हाइकाकडून माल परत आला. पत्रा वाकवला की बेंडवर रंगाची पापडी सुटत होती. क्रॉस-कट करून टेप ओढली तर चौकोनच्या चौकोन टेपला चिकटून यायचे. हा रंग नीट शिजला नव्हता. पण आमच्या स्क्रीनवर तर पूर्ण वेळ २०० अंश! पावडर बदलली, प्री-ट्रीटमेंटचं केमिकल तपासलं, रात्रपाळीच्या पोरांना बोलणी बसली. त्या पोरांची आजही माफी मागावीशी वाटते. गिऱ्हाइकाने सव्वा लाख कापून घेतल्याची डेबिट नोट आली. आणखी एक गोष्ट होत होती: ब्लोअरच्या मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह वेग वाढवायला लागला की झोन दोनचा आकडा सहा-आठ अंशांनी नाचायचा. पुन्हा त्याच माणसाला बोलावलं. तो म्हणाला, पीएलसीचं अ‍ॅनालॉग कार्ड गेलंय, ३८,००० लागतील, निम्मे आगाऊ द्या.

शेठनी पैसे काढलेही होते. मी म्हटलं एक दिवस थांबा. सातपूरचे एक काका आहेत, मोठ्या कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना स्कूटरवर बसवून आणलं.

काकांनी कार्डाला हातच लावला नाही. झोन दोनचा कन्व्हर्टर रेलवरून उतरवून टेबलावर घेतला, २४ व्होल्ट दिले, आउटपुटमध्ये मीटर घातला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. मग इनपुटच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा बोटभर तुकडा लावून शॉर्ट केलं. “थर्मोकपल शॉर्ट केलं की कन्व्हर्टरने खोलीचं तापमान दाखवलं पाहिजे. बघ.” खोलीत २७ अंश होते. मीटरवरच्या करंटचा हिशेब केला तर ४४ निघाले. म्हणजे तो सतरा अंश जास्त सांगत होता, आणि स्क्रीन २०० म्हणत होती तेव्हा ओव्हन १८० च्या आसपास रेंगाळत होता.

मग त्यांनी सप्लाय काढला, मीटर कंटिन्युइटीवर घेतला (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजते), एक टोक इनपुटच्या निगेटिव्हला आणि दुसरं आउटपुटच्या निगेटिव्हला. बीप वाजली. स्टिकरवर तर आयसोलेटेड लिहिलेलं. खऱ्या आयसोलेटेड मॉड्यूलमध्ये इनपुट आणि आउटपुट यांच्यात वायरचा संबंधच नसतो, सिग्नल सहसा ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) पलीकडे जातो. आमच्या थर्मोकपलचं टोक आवरणाला जोडलेलं, म्हणजे ओव्हनच्या बॉडीला. आयसोलेशन नसल्यामुळे ड्राइव्हचा सगळा गोंगाट सरळ आत येत होता. खोकं उघडलं तर आत ट्रान्सफॉर्मर नाही, ऑप्टो नाही. सोल्डरभोवती चिकट पिवळा फ्लक्स, आणि आयसीवरचे (चिपवरचे) चार आकडे ११३२, म्हणजे २०११ च्या ३२ व्या आठवड्यातला. खोक्यावरची तारीख मात्र चालू वर्षाची.

“स्पेअर आण,” काका म्हणाले. स्पेअर शॉर्ट केला, बरोबर २७. कंटिन्युइटी नाही. उत्तम मॉड्यूल. मला बरं वाटलं, पण काका तो उजेडात धरून फिरवत होते. टर्मिनलच्या स्क्रूंच्या खाचा घासलेल्या होत्या. नव्या मालावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे कसे? बाजूच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली काळ्या मार्करने लिहिलेलं होतं: ओ-२. ओव्हन, झोन दोन. अक्षर माझं. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं.

ते अक्षर बघून मला काही सुचेना. आमचाच चांगला कन्व्हर्टर दोनशे रुपयांत नेला, स्टिकर लावला आणि ७,२०० ला परत आणून दिला.

मग मूळ बिघाड काय होता? तो काकांना पॅनलच्या तळाशी सापडला. जुलैत त्या माणसाने कापून टाकलेली वायरची टोकं तशीच पडली होती. एका टोकावर स्क्रूचा ठसा उघड्या तारेवर नव्हताच, इन्सुलेशनवर होता, आणि तारेचं टोक काळपट पडलेलं. दोन वर्षं कशीबशी टेकून असलेली तार हादऱ्यांनी सुटली, एवढंच. त्याने वायर नव्याने सोलून घट्ट बसवली म्हणून ओव्हन सुरू झाला, आणि श्रेय नव्या कन्व्हर्टरला मिळालं. दुरुस्ती दहा मिनिटांची होती.

तेव्हापासून जुनं मॉड्यूल टेबलावर तपासल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. दुरुस्तीला जायचंच असेल तर सीरियल नंबर टाकून रिटर्नेबल गेटपासवर. नवं मॉड्यूल आलं की बसवण्याआधी शॉर्ट करून तापमान बघायचं आणि इनपुट-आउटपुटमध्ये बीप वाजते का ते बघायचं. यासाठी साधा मल्टिमीटर आणि २४ व्होल्टचा सप्लाय पुरतो, कॅलिब्रेटर, म्हणजे तपासणीचं खास उपकरण, लागतोच असं नाही. वायरचा रंग मात्र जपून बघा. पिवळ्या-लाल केबलमध्ये लाल वायर निगेटिव्ह असते. आपले बरेच इलेक्ट्रिशियन तिला सवयीने पॉझिटिव्ह धरतात, मग ओव्हन तापतो तसा आकडा खाली जातो आणि दोष चांगल्या कन्व्हर्टरवर येतो.

आणि बिल. त्याच्या कार्डावरचा जीएसटी क्रमांक नंतर मोजला तर १४ अक्षरांचा निघाला. खरा १५ चा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही तपासता येतो. मी तो पैसे द्यायच्या आधी तपासायला हवा होता. ग्राहक आयोगाचं विचारलं तेव्हा वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी माल घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा ग्राहक धरत नाहीत, स्वतःच्या रोजीरोटीसाठी एकट्याने चालवलेल्या कामाला तेवढी सवलत आहे. आमचा कारखाना त्यात बसत नाही. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज पोलिसांत दिला. सोबत दोन्ही मॉड्यूलचे फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडलं. पक्कं बिल नाही म्हणून प्रकरण रेंगाळलंय.

सिन्नरवाल्याला मी फोनवरच सांगितलं, त्याला चहा पाजा, पण जुना हातात देऊ नका, आधी इनपुट शॉर्ट करून बघा. अर्ध्या तासाने त्याचा परत फोन आला. जुना कन्व्हर्टर खोलीचं तापमान बरोबर दाखवत होता. टर्मिनल बघायला लागले तेवढ्यात तो माणूस “गाडीतून मीटर आणतो” म्हणून गेला, तो परत आलाच नाही.