बिलात नवीन बेअरिंग, गाडीत जुनंच

गाडी साठच्या पुढे गेली की घूंऽऽ असा आवाज यायचा. साताऱ्याहून परतताना तर इतका वाढला की गाणी बंद करून टाकली. पुण्यात घराजवळच्याच गॅरेजला नेली. मिस्त्रीनं एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, "साहेब, पुढची दोन्ही बेअरिंगं गेलीत." मग चाक काढून ब्रेकच्या डिस्कच्या कडेवर माझं नख फिरवायला लावलं. "धार लागतीय ना? डिस्कपण संपल्यात."

धार लागत होती, आणि मला तेवढं पुरलं. चाललेल्या कुठल्याही डिस्कला ती येते, कारण तिला दाबणारं ब्रेक पॅड अगदी काठापर्यंत घासत नाही. जाडी मोजायची ती मधल्या पट्ट्यात, आणि किमान किती हवी तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी गाडी मिळाली. बेअरिंगं 2,900, डिस्कची जोडी 3,000, नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो भाग, उतरवून प्रेस करायची मजुरी 1,500. एकूण 7,400, साध्या कागदावर. जुना माल मागितला तर त्यानं न कुरकुरता दोन खडखडणारी बेअरिंगं पेपरात गुंडाळून दिली. आवाजही कमी झाला होता. खुशीत पोराला चहाला पन्नास रुपये दिले, हे लिहिताना आता लाज वाटते.

तीन आठवड्यांनी आवाज परत आला. पण मागून.

या वेळी ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी पुढचं चाक काढलं आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या नटावर बॅटरी धरली. "हा खोललाय कोणी?" नट सैल होऊ नये म्हणून त्याची कड पंच मारून शाफ्टच्या खाचेत दाबलेली असते. ती उचलल्याशिवाय नट सुटत नाही, नट सुटल्याशिवाय हब निघत नाही, आणि हब निघाल्याशिवाय बेअरिंगला हातच लागत नाही. माझ्या नटावर एकच जुना दाब होता आणि खाचेत गंज घट्ट बसलेला. डिस्क समोरून चकचकीत, मधल्या टोपीवर चंदेरी स्प्रे. मागून बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले.

पेपरातली बेअरिंगं पाहून काका हसलेच. "अख्खी कशी निघाली रे?" प्रेसवर हब दाबून काढला की आतली रिंग बहुतेक वेळा हबवरच अडकते, पुलरनं ओढावी लागते, नाहीतर ग्राइंडरनं कापावी लागते. नाना पेठेतल्या दुकानदारानं वरचा नंबर वाचला आणि म्हणाला, ही तुमच्या गाडीची नाहीतच.

आवाज टायरचा होता. पुढचे टायर करवतीसारखे झिजलेले. गॅरेजच्या मिस्त्रीनं ते मागे टाकले आणि मागचे पुढे घेतले, एवढंच काय ते काम.

गॅरेजवर परत गेलो. आधी "पोरानं दुसरी पिशवी दिली असंल", मग "वर्षाची गॅरंटी आहे की साहेब". नटाचा फोटो पुढे केल्यावर, दोन गिऱ्हाईकं शेजारी उभी होती म्हणूनही असेल, 4,000 परत मिळाले. उरलेल्यासाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार होतो, पण त्या कागदावर गाडीचा नंबरसुद्धा नव्हता.

आता गाडी कुठंही टाकायच्या आधी बायकोच्या नेलपॉलिशची एक लाल रेघ नट आणि शाफ्टवरून सलग ओढतो, आणि मिस्त्रीच्या समोरच तिचा फोटो काढतो.